'ण'ला शब्द का नाही?

चिऊ,

काल आजीला फोनवर अक्षरं म्हणून दाखवता दाखवता तू मध्येच थांबलीस. "बाबा, क कमळाचा, मग ण बाणाचा कसा? बाण तर ब नं सुरू होतो. ण ला स्वतःचा एकही शब्द नाही, तर शिकायचा कशाला?" आजी हसली. मी "तसंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न जरा लागला, म्हणून हे पत्र.

तुझं खरं आहे. मराठी शब्दाच्या तोंडाशी ण येत नाही, ळ पण येत नाही. संस्कृतातला एकटा न किंवा ल दोन स्वरांच्या मध्ये सापडला, की मराठीपर्यंत येता येता बहुतेक वेळा बदलला: जन चा जण, पानीय चं पाणी, फल चं फळ. शब्दाच्या सुरुवातीला होता तिथे तो तसाच राहिला, म्हणून नाव आणि लाज. ही दोन अक्षरं शब्दाच्या पोटात राहतात, एवढंच.

पण पोटात बसून ती काय करतात बघ. मन म्हणजे ज्यात विचार येतात ते; मण म्हणजे वजनाचं जुनं माप, चाळीस शेरांचं. तन म्हणजे शरीर, तण म्हणजे कुणी न लावता पिकात उगवलेलं गवत. वेल आणि वेळ, माल आणि माळ, चाल आणि चाळ. तू "माझे डोले दुखतात" म्हणतेस ना, डोले म्हणजे झुलतो! ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. ळ ला तेच टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि झटकन खाली सोडायचं. ण ची जागा तीच, फक्त आवाज नाकातून. (मी सारखा टोकतो, ते कधीकधी जास्तच होतं. कळतं मला.)

तुझ्या शब्दांच्या वहीत ण आणि ळ ला पान दे, फक्त अक्षर शब्दात कुठेही असलं तरी चालेल असं ठरव. नामाआधी तो, ती, ते लिहायचंच. नंतर आठवून लावायला गेलं की चुकतं. वेळ हा शब्द तर दोन्हीकडचा आहे. "अभ्यासात वेळ गेला" मधला तो वेळ म्हणजे लागलेला अवधी. "निघायची वेळ झाली" मधली ती वेळ म्हणजे ठरलेला क्षण. दोन ओळी, दोन अर्थ.

अर्थ लिहिताना आधी ती वस्तू कशातली आहे ते सांग, मग तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तूपासून तिला वेगळं काढ. "वण म्हणजे कातडीवरची खूण" लिहिलंस तर तीळही वण ठरेल. "जखम बरी झाल्यावर कातडीवर राहिलेली खूण" म्हटलं की तीळ बाहेर. "पळणे म्हणजे धावणे" आणि "धावणे म्हणजे पळणे" असं गोल फिरू नकोस. ज्याला दोन्ही माहीत नाहीत त्याच्या हाती काहीच लागत नाही. लिहून झालं की शब्द झाकून नुसता अर्थ आईला वाचून दाखव. तिनं भलताच शब्द ओळखला तर काहीतरी सुटलंय.

च आणि ज ला मात्र दोन-दोन पानं ठेव. चार आणि चारा मोठ्यानं म्हण, दोन्ही च वेगळे आहेत. लिहिताना तो फरक दिसत नाही आणि ही आपल्या लिपीतली खोटच आहे, मी बाजू घेणार नाही.

ङ ला वाङ्मय सापडेल. ञ तर ज्ञ मध्येच दडलाय, आणि आपण ज्ञ चा उच्चार द्न्य करतो, त्यामुळे तिथेही तो ऐकू येत नाही. ते पान कोरं राहिलं तरी चालेल.

बाबा