पसिता अबाद यांची चित्रे पाहताना

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

पसिता अबाद यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचा कॅटलॉग हाती आल्यावर तू मला विचारले आहेस की, सुईदोऱ्याने केलेल्या तुझ्या कामाला शिक्षक ‘हस्तकला’ म्हणून बाजूला सारतात, तेव्हा ते पुढे न्यावे की सोडावे. ते पुढेच न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र अबाद यांचा आधार घ्यायचा असेल, तर त्यांनी नेमके काय केले ते आधी बारकाईने पाहा.

फिलिपिन्समधील बातानेस बेटांवर १९४६ साली जन्मलेल्या अबाद यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला आणि १९७० साली देश सोडला. कायदा शिकण्यासाठी स्पेनला निघालेल्या त्या वाटेत सॅन फ्रान्सिस्कोत थांबल्या आणि पुढे चित्रकलेकडे वळल्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या कॅनव्हास रंगवून, त्यात कापूस भरून, मागे अस्तर लावून हाताने टाके घालू लागल्या आणि त्यावर आरसे, बटणे, शिंपले, मणी शिवू लागल्या. या पद्धतीला ट्रापुंटो म्हणतात. आपल्या गोधडीशी तिचे नाते तुला सहज ओळखू येईल. चौकटीवर न ताणलेली ही चित्रे गुंडाळून सोबत नेता येत, आणि देशोदेशी बिऱ्हाड हलवणाऱ्या बाईसाठी ही सोय फार मोलाची होती.

१९९२ सालचे ‘एल. ए. लिबर्टी’ उघडून पाहा. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता तिथे सावळ्या वर्णाची आहे, आणि तिचा झगा रंगीबेरंगी कापडांच्या तुकड्यांनी, आरशांनी व बटणांनी भरलेला आहे. ‘अमेरिकेत येणारी माणसे कोण?’ हा प्रश्न अबाद यांनी त्या झग्याच्या शिवणीतूनच विचारला आहे. टाके काढून टाकले, तर प्रश्नही उरत नाही. तुझ्या कामातला टाका चित्राचा अर्थ असा पेलतो की नुसती किनार सजवतो, हे तू स्वतःला विचार. शिक्षकांच्या शेऱ्यापेक्षा ही कसोटी मला अधिक कठोर वाटते.

अबाद २००४ साली सिंगापूरमध्ये वारल्या. मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने हे प्रदर्शन भरवले २०२३ साली, आणि नंतर ते सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क व टोरांटोला गेले. इतका उशीर मला खटकतो, आणि त्याचे एक कारण, माझ्या मते, तुला ऐकावा लागलेला तोच शेरा आहे. तरीही हे प्रदर्शन उभे राहू शकले, कारण कामे जपली गेली होती. म्हणून प्रत्येक कामाच्या अस्तरावर नाव, साल आणि वापरलेले साहित्य आजपासूनच लिहीत जा, आणि पुढच्या पत्रासोबत छायाचित्रे पाठवशील तेव्हा टाके दिसतील अशी मागच्या बाजूचीही पाठव.

तुझा शुभचिंतक