एका सत्रासाठी जर्मनी: एफडी मोडायची की कर्ज काढायचं?

सांगलीच्या एक शिक्षिका विचारतात: "मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक्स्चेंज प्रोग्रॅममधून एप्रिलपासून एका सत्रासाठी तिची जर्मनीला निवड झालीय. तिथली फी माफ, राहण्याखाण्याचा खर्च आपला. आमची 7 लाखांची एफडी आहे, सुकन्या खात्यात 6 लाख आहेत आणि घराचा हप्ता 21 हजार. एफडी मोडू, सुकन्यातून काढू की शैक्षणिक कर्ज घेऊ? पुढे तिला एमएसही तिकडेच करायचंय."

ताई, आधी आकडा बघू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, महिन्याला 992 युरो याप्रमाणे रक्कम ठेवावी लागते. सहा महिन्यांचे 5,952 युरो होतात. युरो 100 रुपयांना धरला तरी 6 लाख. हे पैसे मुलीचेच. दर महिन्याला तिला 992 मिळतात आणि त्यातच भाडं, जेवण, आरोग्य विमा भागवायचा. केम्निट्ससारख्या स्वस्त शहरात निभतं, म्युनिकमध्ये ओढाताण होते. खरी पंचाईत पहिल्या पंधरवड्यात होते. खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, विद्यापीठाचं सत्रशुल्क (माफ झालेल्या शिकवणी फीपेक्षा हे वेगळं) हे सगळं बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुरू व्हायच्या आधीच भरावं लागतं. त्यासाठी दीड लाख वेगळे ठेवा. तिकीट, व्हिसाचे 75 युरो आणि कपडेलत्ते मिळून आणखी लाखभर. म्हणजे साडेआठ लाख. पुण्याच्या कॉलेजची फी बहुतेक एक्स्चेंजमध्ये चालूच राहते, ती यात धरलेली नाही. पार्टटाइम कामाची कमाई हिशेबात शून्य धरा.

सुकन्याचा विचार सोडून द्या. शिक्षणासाठी आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते हे खरं, पण ती प्रवेशाच्या कागदावर किंवा फीच्या पावतीवर जेवढी मागणी असेल तेवढीच. तिथली फीच माफ असल्यावर दाखवणार काय? शैक्षणिक कर्जाचंही तेच. बँक डिग्री आणि फी बघून कर्ज देते, म्हणून ते एमएससाठी राखून ठेवा. एक्स्चेंज मात्र घरच्या पैशांतून करा.

पण अख्खी एफडी मोडू नका. 5 लाख काढा, 2 लाखांना हात लावू नका. राहिले साडेतीन लाख. पत्रात तुम्ही जीपीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) उल्लेख केलेला नाही. नोव्हेंबर 2005 च्या आधी सेवेत लागला असाल तर तुमचं खातं असणार. त्यातून मुलीच्या शिक्षणासाठी परतावा अग्रिम मिळतो आणि पगारातून हप्त्याने फिटतो. बिल ऑफिसातून सरकायला किती वेळ लागतो हे मी तुम्हाला काय सांगणार. अर्ज याच आठवड्यात टाका. वर्षाला 10 लाखांच्या आत पैसे पाठवताय, त्यामुळे टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर) लागणार नाही.

आता ज्याची मला खरी धास्ती आहे ते सांगतो. जर्मनीत उन्हाळी सत्र एप्रिलला सुरू होतं, तास जुलैपर्यंत चालतात आणि परीक्षा ऑगस्टपर्यंत रेंगाळू शकतात. आपलं सहावं सेमिस्टर साधारण जानेवारी ते मे. मार्चअखेर ती निघाली की इकडचं सहावं अर्धवट राहणार, आणि परत येईपर्यंत सातवं सुरू झालेलं असणार. प्लेसमेंटच्या कंपन्याही त्याच सुमारास कॅम्पसवर येतात. तिकडच्या विषयांचे क्रेडिट सहाव्या सेमिस्टरला धरले नाहीत तर वर्ष वाया जाईल. मग एका वर्षाची फी, पुण्यातलं राहणं आणि लांबलेला पहिला पगार जोडा; साडेआठ लाखांचा खर्च सहज दुप्पट होईल. एक्स्चेंज ऑफिसचं "होऊन जाईल मॅडम" याला अर्थ नाही. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरणार, याचा लेखी तक्ता हवा, विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग दोघांच्या सहीचा. प्लेसमेंट सेलकडून ऑनलाइन मुलाखतीची परवानगीही लेखी घ्या.

तो कागद हातात आला तर पाठवा, माझी हरकत नाही. एमएस तिकडेच करायचं असेल तर तो देश, तिथला अभ्यास आणि भाषा तिला झेपते का हे आधीच कळेल, आणि मोठं कर्ज काढण्यापूर्वी हे कळणं मोलाचं आहे. कागद मिळाला नाही तर यंदा नाही म्हणा. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र आत्ताच बघायला सांगा, तारखा लवकर मिळत नाहीत. आणि तिकडचं बँक खातं डिपॉझिट परत येईपर्यंत बंद करू नकोस, हेही तिला बजावा.