युरोपचा एकच बाजार: माल, माणूस आणि करारनामा

त्याच त्या शंका फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे. इथे युरोप म्हणजे युरोपीय संघाचे २७ सदस्य देश.

प्रश्न (सांगली): आमची हळद पावडर रॉटरडॅमला उतरते. तिथे कस्टम ड्यूटी भरल्यावर जर्मनीत पुन्हा भरावी लागते का?

नाही. पण लेबल जर्मन भाषेत हवे आणि वेष्टनाची नोंदणी जर्मनीत वेगळी करावी लागते. ती कुणाच्या नावावर करायची हे तिथल्या आयातदाराशी माल निघण्याआधी ठरवा.

प्रश्न (मडगाव): पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की लंडनला नोकरी करता येते, असे एजंट म्हणतो. बायको भारतीयच राहणार आहे. तिला नेता येईल का?

एजंट जुनी गोष्ट विकतो आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडले. आधीपासून तिथे राहणाऱ्यांचे हक्क सोडले, तर ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज नागरिकालाही तिथे नोकरीसाठी व्हिसा लागतो. डब्लिन किंवा बर्लिन मात्र खुले आहे: पहिले तीन महिने नुसत्या पासपोर्टवर, पुढे नोकरी, धंदा, नाहीतर पुरेसा पैसा आणि आरोग्यविमा दाखवून.

पत्नीला तुमच्याबरोबर राहण्याचा हक्क आहे आणि तिच्या प्रवेश-व्हिसाला सरकारी फी नाही. मेख अशी, की हा हक्क तुम्ही पोर्तुगाल सोडून दुसऱ्या सदस्य देशात गेलात तरच मिळतो. पोर्तुगालमध्येच राहणार असाल तर तिथला देशी कायदा लागतो. शिवाय परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. घर-जमिनीची कामे अर्धवट असतील तर आधी वकील गाठा.

प्रश्न (आइंडहोवन): डच ब्लू कार्ड घेऊन चार महिने झाले. म्युनिकची ऑफर लगेच घेऊ का?

नाही. मुक्त संचार संघाच्या नागरिकांसाठी आहे. ब्लू कार्ड हा संघाबाहेरच्या कुशल नोकरदारांचा परवाना, त्याच्या जोरावर जायचे तर तुम्हाला बारा महिने पूर्ण करून जर्मनीत नवा अर्ज करावा लागेल. राजीनामा देण्याआधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात विचारा.

प्रश्न (पुणे): लोणची-मसाल्यांसाठी हॅम्बर्गच्या वितरकाशी दोन वर्षांपूर्वी करार केला. ‘जर्मनीबाहेर, कुणी मागितला तरी, माल विकणार नाही, ठरलेल्या भावाच्या खाली विकणार नाही.’ आता त्याचा माल फ्रान्समध्ये येतो अशी आमच्या पॅरिसच्या वितरकाची तक्रार आहे. हे कलम कसे बजावावे?

बजावूच नका. संघाचा स्पर्धा कायदा, म्हणजे कंपन्यांनी आपसांत बाजार वाटून घेऊ नये यासाठीचा कायदा, अशा अटी चालू देत नाही. सहीच्या आधी दाखवला असता तर हा मसुदा फाडायला सांगितला असता.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे ठरावीक प्रदेशापुरता राखीव, वितरक नेमणे चूक नाही. पुरवठादार आणि वितरक दोघांचाही बाजारहिस्सा ३० टक्क्यांच्या आत असेल, तर जून २०२२ पासूनच्या नियमांनुसार फ्रान्स जास्तीत जास्त पाच वितरकांसाठी राखून ठेवता येतो. मग हॅम्बर्गवाल्याला सांगता येते, की तिकडे गिऱ्हाईक शोधू नकोस, जाहिरात करू नकोस. पण लिऑनच्या दुकानदाराने आपणहून मेल टाकून हॅम्बर्गकडे चाळीस खोकी मागितली, तर ती ऑर्डर अडवता येत नाही. तुमच्या कलमातले सगळ्यात उघड घातक शब्द हे: ‘कुणी मागितला तरी’. वेबसाइटचेही तसेच. जर्मन साइटवर फ्रेंच गिऱ्हाईक आले तर ती आलेली मागणी. वितरकाने साइटला फ्रेंच भाषेचा पर्याय जोडला, की साधारणपणे ते गिऱ्हाईक शोधणे धरतात.

भावाचे कलम त्याहून वाईट. शिफारशीचा भाव चालतो, कमाल भाव चालतो, किमान भाव चालत नाही. कागदावर ‘शिफारस’ लिहायचे आणि न पाळणाऱ्याची सवलत कापायची, ही युक्ती अधिकाऱ्यांना पाठ आहे. असे एक कलम असले तरी वरच्या नियमांमुळे अख्ख्या कराराला मिळणारी सूट जाते.

‘आम्ही भारतात, आम्हाला काय होणार?’ हे ऐकीव बोलणे सोडा. कराराचा अंमल संघाच्या बाजारात होत असेल तर संघाचा कायदा लागतो. कागदासाठीच्या लाकडी लगद्याच्या खटल्यात संघाबाहेरच्या कंपन्यांनी हाच बचाव केला होता; १९८८ मध्ये संघाच्या न्यायालयाने तो फेटाळला. ‘आमचा धंदा लहान’ यात तथ्य आहे, अगदी नगण्य हिस्सा कायदा सोडून देतो. पण हिस्सा कशातला मोजायचा, सगळ्या मसाल्यांतला की फक्त भारतीय लोणच्यांतला? ते पुण्यात बसून ठरवू नका. दंडाची कमाल मर्यादा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या १० टक्के आहे. नेदरलँड्समधली स्वस्त ज्युपिलर बिअर बेल्जियममध्ये येऊ नये म्हणून अडथळे घातल्याबद्दल एबी इनबेव्हला २०१९ मध्ये २० कोटी युरोंचा दंड झाला. चॉकलेट-बिस्किटांच्या विक्रीत असेच अडथळे घातल्याबद्दल मॉन्डेलीझ कंपनीला २०२४ मध्ये ३३.७५ कोटी युरोंचा.

तेव्हा हॅम्बर्गला दम देणारी मेल पाठवू नका, ती तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल. जुन्या मेल पुसू नका, ते त्याहून महागात पडेल. पॅरिसवाल्याला ‘बघतो, बंद करतो’ असे फोनवरही बोलू नका. करार, पुरवणी पत्रे आणि दोन वर्षांची भावपत्रके घेऊन युरोपीय स्पर्धा कायदा पाहणाऱ्या वकिलाकडे याच महिन्यात जा. नेटवरून उतरवलेला नमुना-करार इथे चालणार नाही. तुमचा तसाच दिसतो.

प्रश्न (ठाणे): ब्रँडेड बूट मुंबईच्या अधिकृत दुकानातून घेऊन बर्लिनमध्ये विकले तर? माल ओरिजिनल, पक्के बिल आहे.

नाही. ट्रेडमार्कचा मालक ही विक्री थांबवू शकतो. संघात, तसेच नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइनमध्ये, मालकाच्या संमतीने पहिल्यांदा विकलेला मालच तिथे पुढे मोकळा फिरतो. बाहेर विकलेला फिरत नाही, हे १९९८ च्या ‘सिलुएट’ कंपनीच्या चष्म्यांवरच्या निकालाने पक्के केले. संमती होती हे विकणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. दुकानदाराचे ‘चालतं हो’ ही संमती नव्हे. मालकाचे लेखी पत्र मिळाले तर ते वकिलाला दाखवून मगच बूट बांधा.