बुरशीचे दाणे भाजून कूट केलं तर?

प्रश्न : पावसाळ्यात डब्यातल्या शेंगदाण्यांना हिरवट बुरशी आली. निवडून, खरपूस भाजून कूट केलं तर चालेल ना? यानं खरंच कॅन्सर होतो का?

उत्तर : चालणार नाही. भाजल्यानं बुरशी मरते, पण तिनं आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष बरंचसं उरतं. कुटात तर खराब दाणा दिसतही नाही!

गंमत म्हणजे हे विष घातक होतं ते यकृतात. तिथली एन्झाइम्स त्याचं इपॉक्साइड, म्हणजे चटकन चिकटणारं रूप, करतात आणि ते डीएनएतल्या ग्वानिनला, म्हणजे ‘जी’ या अक्षराला, चिकटतं. पेशी दुभंगण्याआधी दुरुस्ती झाली तर ठीक. नाहीतर डीएनएची नक्कल करताना ‘जी’च्या जागी ‘टी’ हे दुसरं अक्षर बसू शकतं. टीपी५३ या जनुकाच्या २४९व्या कोडॉनवर, म्हणजे तीन अक्षरी शब्दावर, असं घडलं की ‘एजीजी’चं ‘एजीटी’ होतं, त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात आर्जिनीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन येतं आणि बिघडलेल्या पेशीला आवरणारा ब्रेक निकामी होतो. चीनमधल्या चिदोंग आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या यकृताच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये नेमका हाच बदल १९९१मध्ये सापडला.

चुकून एक कडू दाणा खाल्ला म्हणून घाबरू नका. धोका वर्षानुवर्षं खाण्याचा. हिपॅटायटिस बी असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो, म्हणून बाळाची ती लस चुकवू नका.

डबा पूर्ण रिकामा करा. सुरकुतलेले, काळपट दाणेही टाका, गुरांनाही घालू नका. विष दुधात उतरतं. पुढच्या वेळी थोडेच आणा, कडक वाळवून घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा.