वजनाच्या वहीविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जासोबत जोडायच्या तुझ्या निवेदनाचा मसुदा मी तीन वेळा वाचला. पहिल्यांदा तो मला आवडला, दुसऱ्यांदा थोडा कंटाळा आला, आणि तिसऱ्यांदा वाचताना चौथ्या परिच्छेदातल्या एका अर्ध्या वाक्यापाशी मी अडकलो. त्या अर्ध्या वाक्याकडे मी येणारच आहे, पण आधी तुझ्या प्रश्नाविषयी. आपली पार्श्वभूमी आणि आपले अनुभव वैद्यकीय शिक्षणासाठी योग्य आहेत हे निवड समितीला कसे पटवून द्यावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते पटवून देण्याच्या फंदात पडूच नये. घरातले आजारपण, पैशांची ओढाताण, परक्या भाषेत घेतलेले शिक्षण, या गोष्टी तुझ्या वाट्याला आल्या. तू त्या निवडल्या नव्हत्यास, आणि जे निवडलेले नाही त्याचे श्रेय मागता येत नाही. त्या परिस्थितीत तू काय केलेस, काय पाहिलेस, कुठे चुकलीस आणि त्यानंतर कोणती गोष्ट वेगळ्या रीतीने करू लागलीस, एवढे मात्र सांगता येते. योग्यतेचा निष्कर्ष वाचणाऱ्याने काढायचा असतो, आणि तो त्याने स्वतः काढला तरच टिकतो.

हा प्रश्न मुळात विचारला का जातो, हेही ध्यानात घे. भारतात नीटच्या गुणानुक्रमावर प्रवेश ठरतो, तिथे असे निवेदन कोणी मागत नाही. तू ज्या अमेरिकी महाविद्यालयांकडे अर्ज करते आहेस, तिथे गुण पाहिले जातातच. एमकॅट या तिथल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या चार विभागांची बेरीज ४७२ ते ५२८ या पट्ट्यात कुठे बसली हे समितीसमोर असते, आणि २०१५ पासून त्या परीक्षेत मानसशास्त्र व समाजशास्त्राचाही एक विभाग असल्याने नुसते रसायनशास्त्र पाठ करून भागत नाही. तुझी बुद्धी आणि तुझे कष्ट यांचा हिशेब तिथे झालेला आहे. म्हणून निवेदनाच्या ५३०० अक्षरांत, आणि त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात, पुन्हा 'मी कष्टाळू आहे, मी अभ्यासू आहे' असे लिहिणे म्हणजे मिळालेली जागा वाया घालवणे होय. गुणपत्रिकेला जे सांगता येत नाही तेवढेच इथे यावे.

तुझे पहिले वाक्य काढून टाक. 'लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचे होते' हे वाक्य खरे असेलही, पण सहा वर्षांच्या मुलीची इच्छा हा बावीस वर्षांच्या मुलीच्या निर्णयाचा पुरावा होत नाही. 'सेवा' हा शब्द मसुद्यात अकरा वेळा आला आहे, मी मोजला. सेवा शिक्षकही करतो आणि अग्निशमन दलातला जवानही करतो. मग तुला वैद्यकच का हवे, याचे उत्तर त्या अकरा शब्दांपैकी एकातही नाही.

आता ते अर्धे वाक्य. 'वडिलांचे डायलिसिस सुरू झाल्यापासून मी त्यांच्या वजनाची नोंद ठेवत असे आणि...' असे लिहून तू लगेच त्यांच्या धैर्याकडे वळली आहेस. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे, परंतु अर्ज त्यांचा नाही. मी दूरध्वनीवर खोदून विचारले तेव्हा तू जे सांगितलेस, ते जसेच्या तसे कागदावर उतरले असते तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

तू सांगितलेस की वडिलांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडले जाते. मूत्रपिंडे काम करत नसल्याने दोन वेळांच्या मध्ये शरीरात पाणी साठते, आणि ते किती साठले हे कळण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे वजनकाटा, कारण एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर. जास्तीचे पाणी काढून टाकल्यावर माणसाचे जे वजन असायला हवे ते डॉक्टर ठरवून देतात, त्याला कोरडे वजन म्हणतात. तू एका वहीत आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब आणि शेवटच्या रकान्यात 'त्रास' असे लिहीत गेलीस. तीन वेळांच्या वेळापत्रकात एक खंड इतरांपेक्षा मोठा पडतो आणि त्यानंतरच्या वारी पाणी अधिक साठलेले असते, हे तुला कोणी शिकवले नव्हते, ते वहीतूनच दिसले.

पुढे काही महिन्यांनी डायलिसिसच्या शेवटच्या तासाला वडिलांच्या पायांत पेटके येऊ लागले, रक्तदाब उतरू लागला. तुझा पहिला तर्क असा होता की ते चोरून पाणी पितात. तू त्यांना बोललीस, दोन दिवस अबोला धरलास. मग वही उघडून तीन महिन्यांपूर्वीचे आकडे शेजारी ठेवलेस, तेव्हा दिसले की दोन वेळांमधली वजनवाढ पूर्वीइतकीच आहे. म्हणजे पाणी वाढलेले नाही आणि वडील खोटे बोलत नाहीत. मग बदलले काय? त्यांची भूक परत आली होती, सदरा गळ्याशी घट्ट होऊ लागला होता. माणूस अंगाने भरत होता आणि यंत्र त्याला जुन्याच वजनावर आणू पाहत होते. हे तू परिचारिकेला सांगितलेस, तिने डॉक्टरांना सांगितले, त्यांनी तपासून कोरडे वजन वाढवले आणि पेटके कमी झाले.

हा प्रसंग निवेदनात सर्वांत वर हवा, पण एक पथ्य पाळून. 'मी निदान केले' असे चुकूनही लिहू नकोस. निदान डॉक्टरांनी केले, आणि तुझा तर्क चुकीचाही ठरू शकला असता. तू केलेस ते इतकेच की नोंद सोडली नाहीस, नोंद आपल्या पहिल्या समजुतीच्या विरुद्ध जाते हे दिसल्यावर समजूत सोडलीस, आणि ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्यापर्यंत माहिती पोहोचवलीस. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेशी उभे करून शिकवले आहे. पहिली गोष्ट बहुतेकांना जमते, तिसरी शिकवता येते, दुसरी मात्र पुष्कळ हुशार मुलांना शेवटपर्यंत जमत नाही. अबोल्याचे दोन दिवसही गाळू नकोस. रुग्णावर आधी संशय घेण्याची आणि मग पुरावा पाहण्याची सवय आम्हा डॉक्टरांत फार बळकट असते. ती स्वतःत दिसली आणि लाज वाटली, हे प्रवेशापूर्वीच अनुभवलेली विद्यार्थिनी मला तरी वर्गात हवीशी वाटेल.

मसुद्यातला दुसरा प्रसंग तू अभिमानाने लिहिला आहेस, आणि नेमका तोच मला अपुरा वाटतो. शेजारच्या बाईंना इंग्रजी येत नव्हते म्हणून तू त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊन दुभाष्याचे काम केलेस, 'आणि त्यामुळे मला संवादाचे महत्त्व कळले'. संवादाचे महत्त्व कोणाला कळलेले नसते? बोलण्याच्या ओघात तू सांगितलेस की डॉक्टर म्हणाले, तपासणीत काळजी करण्याजोगे काहीतरी दिसते आहे आणि पुढच्या तपासण्या लवकर व्हायला हव्यात. तू मात्र बाईंना म्हणालीस, घाबरण्यासारखे काही नाही, अजून एक-दोन तपासण्या आहेत एवढेच. त्या घाबरल्या नाहीत, आणि पुढचे तीन आठवडे गेल्याही नाहीत. नंतर तू स्वतः जाऊन त्यांना खरे काय ते सांगितलेस, आणि पुढच्या भेटीसाठी दवाखान्याकडे प्रशिक्षित दुभाष्याची मागणी केलीस. हे सगळे तू गाळलेस, कारण यात तुझी चूक दिसते असे तुला वाटले. मला यात सत्य आणि दया यांची गल्लत दिसते, जी मीही केली आहे. माझ्या उमेदीच्या काळात एका वृद्ध रुग्णाला त्यांच्या मुलामार्फत मी गंभीर बातमी दिली. मुलगा आपल्या भाषेत बराच वेळ बोलला, वडील हसले आणि माझे आभार मानून गेले. मी तो प्रश्न सुटला असे समजलो. कोणी गंभीर आजाराची बातमी ऐकून असे हसत नाही, हे मला रात्री घरी पोहोचल्यावर सुचले.

शिकवण्यांचा परिच्छेद चार ओळींत आटप. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या पहिल्या अपयशाला दोन वाक्ये पुरेत, एक काय झाले याचे आणि दुसरे त्यानंतर अभ्यासाची रीत कशी बदलली याचे. कारणे सांगत बसलीस तर वाचणारा कारणेच मोजू लागेल. प्रयोगशाळेतले काम, स्वयंसेवा वगैरे गोष्टींना अर्जात स्वतंत्र जागा आहे. तिथे पंधरा नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरे मिळतात, आणि त्यांपैकी तीन सर्वांत महत्त्वाच्या ठरवून त्यांना आणखी १३२५ अक्षरे देता येतात. त्याच गोष्टी निवेदनात पुन्हा सांगू नयेत. घरच्या आर्थिक परिस्थितीविषयीही हेच. अलीकडच्या काही वर्षांत अशा अडचणींसाठी १३२५ अक्षरांचा वेगळा ऐच्छिक मजकूर मागवला जातो. तिथे ती साध्या, कोरड्या वाक्यांत सांग. तिथे न लिहिता निवेदनभर तिची सावली पसरवलीस, तर वाचणारा तुझ्याकडे पाहण्याऐवजी तुझ्या परिस्थितीकडे पाहील.

पार्श्वभूमी आणि योग्यता यांचा सांधा कसा जुळवावा याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना एका अर्जाचाच आहे, आणि तो एका मराठी मुलीने लिहिलेला आहे. १८८३ च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यांचे मूल जन्मल्यावर अवघ्या दहा दिवसांत गेले होते, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. इतके दुःख पाठीशी असलेल्या मुलीने दयेवर भिस्त ठेवली असती तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित पुऱ्या करत नसू हे सरळ मान्य केले. स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निश्चय मला इथवर घेऊन आला, तो पुढचे कार्य पार पाडण्यासही उपयोगी पडावा, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आणि पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांसाठी हे शिक्षण हवे आहे, असे कारण दिले. केलेली एक कृती, त्या कृतीतून दिसणारा एक गुण आणि त्या गुणाची गरज असलेले एक नेमके काम, एवढेच त्यांनी मांडले. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र होता. अर्जात जे लिहिले त्याच दिशेने त्या चालल्या. तुझ्या निवेदनाचा शेवट 'मला जगाची सेवा करायची आहे' असा आहे. आनंदीबाईंनीही कोणासाठी ते नेमके सांगितले होते, मग तुला संकोच कशाचा?

मुलाखतीचेही मनात असू दे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून रूढ झालेली अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी नव्या माणसासमोर थोड्या मिनिटांत नव्या प्रसंगाला तोंड द्यायचे, असा तो प्रकार असतो. पाठ केलेली वाक्ये तिथे दुसऱ्या खोलीपर्यंतही टिकत नाहीत. वहीची हकीकत मात्र तुला कोणीही, कुठूनही विचारली तरी सांगता येईल, कारण ती घडलेली आहे.

पुढचा मसुदा पाठवण्यापूर्वी दोन कामे कर. शेजारच्या बाईंचा उल्लेख असा बदल की त्यांना ओळखणाऱ्यालाही त्या ओळखता येणार नाहीत. त्यांचे वय, आजार, नाते, काहीच नको. आणि वडिलांना विचार. त्यांचे वजन, त्यांचे पेटके, तुमचा अबोला हे सगळे परक्या माणसांनी वाचलेले त्यांना चालेल का, हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस. ते नको म्हणाले तर आपण दुसरे काही शोधू. हो म्हणाले तर ती वही समोर घेऊन बस, आणि ज्या दिवशी त्रासाच्या रकान्यात पहिल्यांदा 'पेटके' असे लिहिलेस त्या पानापासून सुरुवात कर.

तुझा,
जुना शिक्षक