जठराच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधल्या मार्करवरून वडिलांचं आयुष्य किती ते कळतं का?

तुम्ही लिहिलंय: वडिलांचा जठराचा कॅन्सर यकृतात पसरलाय, हर-२ (पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) '२+', एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) शाबूत, पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) सीपीएस (त्याचा गुणांक) ८, रक्तात सीईए (गाठीतून रक्तात येऊ शकणारं एक प्रथिन) वाढलेलं. यातून आयुष्याचा अंदाज देणारी सगळ्यात मोठी गोष्ट मार्कर नाही, स्टेज आहे. मार्कर मुख्यतः सांगतात ते कुठलं औषध लागू पडेल हे. महिन्यांचा हिशेब बदलतो तो त्या औषधामुळे.

तुमच्या रिपोर्टात खरी अडचण हर-२ ची आहे. तुकड्यातल्या पेशी किती रंगल्या त्यावरून गुण देतात: ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ हे उत्तरच नव्हे. त्याच ब्लॉकवर (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) फिश (जीनच्या प्रती मोजणारी चाचणी) करून घ्या. हर-२ जीनच्या प्रती आणि १७ व्या क्रोमोसोमची खूण यांचं प्रमाण २ किंवा जास्त आलं, तर पॉझिटिव्ह. २०१० च्या टोगा चाचणीत केमोला ट्रॅस्टुझुमॅब या हर-२ वरच्या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. ३+ किंवा '२+ आणि फिश पॉझिटिव्ह' असलेल्यांत ११.८ वरून १६ वर. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. त्याला वडिलांची तारीख समजू नका.

हर-२ इथे चुकतं फार. एकाच गाठीत एक भाग पॉझिटिव्ह आणि शेजारचा कोरा असतो, म्हणून एंडोस्कोपीत ६ ते ८ तुकडे हवेत; दोनच घेतले असतील तर निगेटिव्हवर विसंबू नये. शिवाय जठराच्या ग्रंथीत पेशीची पोकळीकडची कड बहुधा रंगत नाही, रंग इंग्रजी 'यू'सारखा दिसतो. स्तनाच्या कॅन्सरसारखं पूर्ण कडं शोधत बसलं, की पॉझिटिव्ह केस हातची जाते. तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहिला होता ना, हेही लॅबला विचारा.

सीपीएस म्हणजे पीडी-एल१ रंगलेल्या गाठीच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या पेशी) यांची बेरीज भागिले गाठीच्या जिवंत पेशी, गुणिले १००. मोजायला गाठीच्या अशा किमान १०० जिवंत पेशी लागतात. चेकमेट-६४९ चाचणीत सीपीएस ५ किंवा जास्त असलेल्यांत केमोसोबत निवोलुमॅबने (प्रतिकारशक्तीवरचा तो अडथळा काढणारं औषध) मध्यक आयुष्य ११.१ चे १४.४ महिने झाले. पण हर-२ पॉझिटिव्ह असल्याचं माहीत असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, म्हणून आधी फिश. ते निगेटिव्ह आलं तर क्लॉडिन १८.२ (गाठीच्या पेशींवरचं आणखी एक प्रथिन) बघायचं: किमान ७५ टक्के पेशींत मध्यम ते गडद रंग असेल, तर त्यावरच्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाचा पर्याय उरतो.

सीईएच्या एका आकड्यावरून काही ठरवू नका, धूम्रपानानेही ते थोडं वाढतं. केमोआधीचा आकडा धरून पुढचा कल बघा, तोही त्याच लॅबमध्ये.

ब्लॉक लॅबमधून मागून घ्या आणि फिश व क्लॉडिनसाठीचे काप एकाच बैठकीत कापायला सांगा. दर वेळी ब्लॉक नव्याने घासून सपाट करताना तुकडा वाया जातो, आणि एंडोस्कोपीच्या तुकड्यात मुळात माल थोडाच असतो.