माइक चालू ठेव

प्रिय,

"इंग्रजी सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही," असं लिहून तू खाली विचारलंयस, चौथं ॲप कोणतं घेऊ? चौथं घेऊ नकोस. उलट आधीच्या तीनमधली दोन काढून टाक. फोनवर शिकताना आपण बहुतेक वेळ बघतो, ऐकतो आणि बोटानं पर्याय निवडतो. चारांतला बरोबर शब्द ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना तो जिभेवर आणणं वेगळं. पहिल्याचा कितीही सराव केला तरी दुसरं आपोआप जमत नाही.

मी एकदा ऑनलाइन वर्ग लावला होता. साठेक जण, माइक बंद ठेवायची सूचना पहिल्याच दिवशी. दोन महिने मी नेमानं हजर होते, वही भरली होती. शेवटच्या तासाला नाव घेऊन प्रश्न आला, तेव्हा माइक कुठून चालू करायचा हेच मला सापडेना. सापडला तेव्हा तोंडातून 'सॉरी' एवढंच निघालं! म्हणून फी भरण्याआधी एकच हिशेब कर: तासाभरात मला किती मिनिटं बोलायला मिळेल? साठ जणांच्या वर्गात, शिकवणारे अख्खा तास गप्प बसले तरी, वाट्याला एक मिनिट. त्यापेक्षा चौघीजणींनी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर भेटून एखाद्या बातमीवर अर्धा तास बोललेलं बरं. आणि 'रेकॉर्डिंग नंतर बघू' या वाक्यावर विश्वास ठेवू नकोस. माझी अजून बघायची राहिलीत.

तुझ्या फोनमधलं सगळ्यात कामाचं ॲप म्हणजे आवाज रेकॉर्ड करणारं. ते फुकट असतं, म्हणूनच बहुधा त्याची कोणी जाहिरात करत नाही. मिनिटभराची इंग्रजी क्लिप घे, एक वाक्य ऐक, थांबव, तसंच म्हण, रेकॉर्ड कर आणि दोन्ही लागोपाठ ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, ते सगळ्यांचंच होतं. ऐकताना जोराकडे लक्ष दे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन देतो, इंग्रजीत तसं नसतं. फोटोग्राफ म्हणताना जोर 'फो'वर, फोटोग्राफरमध्ये तो 'टॉ'वर सरकतो आणि फोटोग्राफिकमध्ये 'ग्रा'वर जातो. शब्दकोशाच्या ॲपमध्ये उच्चार दाखवताना एक बारीक उभी रेघ असते. जोर तिच्या लगेच पुढच्या भागावर द्यायचा. त्या रेघेकडे मी कितीतरी वर्षं पाहिलंच नव्हतं.

बोलून टाइप करायची सोय आहे ना? तिला तुझ्या उच्चारांची परीक्षा घेऊ दे. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून 'व्हेस्ट' (vest) आणि 'वेस्ट' (west) हे शब्द सुटे म्हणून बघ. आपला मराठी 'व' या दोन्ही उच्चारांच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणून घोटाळा होतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकव, दुसऱ्याला ओठांचा चंबू कर. अख्खं वाक्य म्हटलंस तर फोन संदर्भावरून अंदाज बांधून तुझी चूक झाकतो. एआयच्या ॲपशी गप्पा मारतानाही हीच अडचण. तुझं मोडकंतोडकं समजून घेऊन ते छान उत्तर देतं आणि तुला वाटतं जमलं. तेव्हा सुरुवातीलाच बजाव, की माझं चुकलं तर आधी वाक्य दुरुस्त करून दे, मग पुढे बोल.

सबटायटल मराठी ठेवू नकोस. डोळे वाचत बसतात आणि कान झोपतात. आधी काहीही न लावता ऐक, मग इंग्रजी अक्षरं लावून. खूप वेगानं वाटलं तर मुळातच सावकाश बोललेलं शोध. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओनं 1959 मध्ये जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी साधारण 1500 शब्दांत आणि संथ लयीत बातम्या सुरू केल्या, त्या धर्तीचं पुष्कळ काही मिळतं. फोननं वेग कमी केला तर जोडून बोललेले शब्द नुसते ताणले जातात, सुटे होत नाहीत.

शब्दांच्या पाठांतराबद्दल थोडक्यात. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून 1885 मध्ये दाखवलं, की विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगानं होतं. अंतर वाढवत नेत उजळणी करून घेणारी कार्डांची ॲप याच गोष्टीवर उभी आहेत. एकच काळजी घे: दुसऱ्यानं बनवलेली हजार कार्डं उतरवू नकोस. तू स्वतः अडखळलीस तोच शब्द, आणि तोही पूर्ण वाक्यात लिही. इंग्रजीत 'ए' आणि 'द' कुठे लावायचे हे नियमांपेक्षा अशा वाक्यांतूनच कानात बसतं, कारण मराठीत ही भानगडच नाही.

सलग इतके दिवस ॲप उघडलं, याचा तो आकडा मात्र विसर. मध्यरात्रीच्या आधी दोन मिनिटं बोटं फिरवूनही तो वाढतो.

या पत्राला लिहून उत्तर देऊ नकोस. आज दिवसभरात काय केलंस ते इंग्रजीत मिनिटभर बोल आणि रेकॉर्ड करून पाठव. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून सफाईदार केलेलं नको, पहिल्या खेपेचंच पाठव.

तुझी,
ताई